ओढ्यात उतरून दिलेली परीक्षा

परीक्षेचं साहित्य म्हणाल तर एक जाळी, एक पांढरा ट्रे, एक चमचा आणि मांडीपर्यंतचे रबरी बूट. उमेदवाराने ओढ्यात उतरायचं, जाळीचं तोंड प्रवाहाकडे करून ती आपल्या खालच्या अंगाला धरायची आणि तीन मिनिटं टाचेने तळाचे गोटे ढवळत राहायचं. दगडांखाली दडून बसलेले किडे उखडले जातात आणि वाहत जाळीत येतात. ते ट्रेमधल्या पाण्यात सोडले की खरी कसोटी लागते. आठ गट आहेत. वाळूचे कण अंगाभोवती चिकटवून नळकांडं करणारा कॅडिस, तसं घर न करणारा कॅडिस, चार प्रकारचे मेफ्लाय, स्टोनफ्लाय आणि गोड्या पाण्यातली इवलीशी कोळंबी. शेपटीचे धागे दोन की तीन, कल्ले पोटाला आहेत की नाहीत, पोहतो की सरपटतो, एवढं बघून गट सांगायचा आणि संख्या मांडायची. संख्या ठरवून दिलेल्या पातळीच्या खाली गेली, तर वरच्या अंगाला काहीतरी पाण्यात मिसळलं आहे असं समजून पर्यावरण खात्याला फोन करायचा.

२००७पासून ब्रिटनभर चाललेला हा उपक्रम गळ टाकून मासे धरणाऱ्यांनी मनावर घेतला, कारण किडे गेले की ट्राउट जातो. एका दिवसाचं प्रशिक्षण, त्याचं प्रमाणपत्र, मग दर महिन्याला आपला ठरलेला ओढा. निवृत्त पोस्टमन, शाळेतल्या बाई, हॉटेलातला आचारी, कुणीही. मात्र एका दिवसाच्या या शिक्षणामागे जवळजवळ चारशे वर्षांची खटपट आहे. तिच्यात औषधविक्यांची उमेदवार पोरं आहेत, दारूच्या गुत्त्यात जमणारे विणकर आहेत आणि घड्याळं दुरुस्त करणारा एक डोंगरी माणूसही आहे.

पाणलोट म्हटलं की मराठी माणसाला समतल चर, दगडी बांध आणि श्रमदान आठवतं. पाणलोट अडवायचा असतो, असंच आपण शिकलो. इंग्लंडच्या वायव्य कोपऱ्यातल्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये पाणी अडवण्याची चिंता कुणाला नाही. तिथे ते जागोजाग साठलेलंच आहे, म्हणून तिथला पाणलोट वाचायचा असतो. आपल्याकडे कोकणात पऱ्ह्या आणि वहाळ वेगळे, देशावर ओहळ आणि ओढा वेगळा, तसे त्या डोंगरांतही शब्द आहेत. ओढ्याला बेक, डोंगराला फेल, उंचावरच्या तळ्याला टार्न. हे शब्द हजारेक वर्षांपूर्वी नॉर्वेकडून आलेल्या वसाहतकऱ्यांनी मागे ठेवले आणि मेंढपाळांनी ते जिवंत राखले. निसर्गाभ्यासक पुष्कळ नंतर आले.

रानात नेऊन शिकवण्याची शिस्तबद्ध सुरुवात मात्र लंडनच्या औषधविक्यांनी केली. त्यांच्या संघाला १६१७मध्ये राजाची सनद मिळाली आणि थोड्याच वर्षांत उमेदवारांना वनस्पती गोळा करायला बाहेर नेण्याची प्रथा पडली. कारण धंद्याचं होतं. मुळ्या विकणाऱ्या बाया जे आणून देतील ते खरंच तेच झाड आहे का, हे ज्याला कळत नाही तो औषधविक्या रोग्याला मारणार. पुढे ज्येष्ठ मंडळींपैकी एकावर झाडं दाखवण्याचं काम सोपवलं जाई, मुलं वहीत नावं उतरवून घेत आणि सहलीचा शेवट भोजनाने होई. ही प्रथा थेट १८३०च्या दशकापर्यंत टिकली.

या संघातला थॉमस जॉन्सन हा मोठा गमत्या माणूस असावा. १६३३मध्ये त्याने आपल्या लंडनच्या दुकानात केळ्यांचा घड टांगला होता. त्या शहराने केळं नावाची वस्तू पाहिली ती बहुधा तेव्हाच! १६३९च्या उन्हाळ्यात तो वेल्समध्ये गेला आणि स्नोडनवर चढला. लोकांशी बोलायला वेल्श जाणणारा एक सोबती बरोबर होता. धुकं इतकं होतं की वर काही दिसेना, तेव्हा ढगातच बसून त्यांनी गोळा केलेली झाडं लावून घेतली आणि मग जेवले. शेजारच्या डोंगररांगेत वाट दाखवायला घेतलेला शेतकऱ्याचा पोरगा कड्याजवळ जाऊन अडून बसला, कारण तिथे गरुड होते. जॉन्सनने हे लिहून ठेवलं म्हणून तो पोरगा इतिहासात राहिला; त्याचं नाव मात्र राहिलं नाही. पुढची दोन शतकं डोंगरातल्या निसर्गशिक्षणाची तऱ्हा साधारण अशीच राहिली. शहरातला माणूस ग्रंथ घेऊन येतो, गावातला त्याला कड्यापर्यंत नेतो, आणि नाव पहिल्याच्या खात्यावर जमा होतं.

स्नोडनच्याच पायथ्याशी लानबेरिसच्या हॉटेलात विल्यम विल्यम्स नावाचा नोकर होता. पाहुण्यांचे बूट पुसायचं काम केलेला, म्हणून ‘विल बूट्स’. दुर्मीळ नेचे कुठल्या कपारीत उगवतात ते त्याला तोंडपाठ होतं. व्हिक्टोरियाच्या काळात घराघरांत नेचे जमवण्याचं वेड लागलं होतं. चार्ल्स किंग्जली या पाद्री लेखकाने १८५५मध्ये या वेडाला खास नावही दिलं. वेड शहरातल्या दिवाणखान्यांचं होतं, कड्यावर लोंबकळायचं काम विल बूट्सचं. १८६१मध्ये नेचा काढतानाच तो कड्यावरून कोसळून मेला.

लेक डिस्ट्रिक्टमधल्या जोनाथन ऑट्लीचं नशीब जरा बरं. १७६६मध्ये जन्मलेला हा माणूस बापाकडून टोपल्या विणायला शिकला आणि केझिक गावात घड्याळं दुरुस्त करू लागला. फावल्या वेळात डोंगर हिंडता हिंडता त्याच्या ध्यानात आलं की इथले खडक कसेही विखुरलेले नाहीत, त्यांचे तीन सलग पट्टे आहेत. १८२०मध्ये त्याने ते एका स्थानिक मासिकात छापलं. अणुसिद्धान्ताचा जॉन डाल्टन दरवर्षी या डोंगरांत येई तेव्हा ऑट्ली त्याच्याबरोबर चढे. केंब्रिजचा भूशास्त्रज्ञ ॲडम सेजविक त्याच्याकडून शिकला, आणि विशेष म्हणजे ते त्याने कबूलही केलं. डरवेंटवॉटर तळ्यात एखाद्या उन्हाळ्याच्या अखेरीस गवताळ बेट तळातून वर येतं आणि काही आठवड्यांनी पुन्हा बुडतं. लोक त्याची अद्भुत वर्णनं करत. ऑट्ली नावेतून जाऊन ते मोजत बसे. तळाच्या कुजक्या थरात साठलेल्या वायूने तो थर फुगून उचलला जातो, हे त्याच्या लक्षात आलं. त्या वायूची तपासणी डाल्टनने केली. तळ्याकाठच्या खडकावर पाण्याच्या पातळीच्या खुणाही ऑट्लीने खोदून ठेवल्या. एका डोंगरी पाणलोटाची दीर्घकाळ नोंद ठेवायची असते, ही जाण त्या टाकीच्या घावांत आहे. कुठल्याही विद्यापीठाने त्याला कधी पदवी दिली नाही.

आता या डोंगरांपासून दक्षिणेला, मँचेस्टरच्या आसपासच्या विणकर वस्त्यांत यायला हवं. निसर्गाभ्यासकाची ब्रिटनमधली सर्वांत मनोरंजक परीक्षा इथे, रविवारी, गुत्त्यात होई. इतिहासकार ॲन सेकॉर्ड यांनी १९९४मध्ये या मंडळींवर लिहिलेला निबंध वाचताना सत्यशोधक जलशांची किंवा गिरणगावातल्या भजनी मंडळांची आठवण येते. तोच कष्टकऱ्यांचा स्वाभिमान, तीच वर्गणी. सभासद महिन्याला काही पेन्स देत. त्यातले काही दारूला, काही पुस्तकांना. पुस्तकं गुत्त्यातच ठेवलेली असत, कारण घरी जागाच नसे. एकेकट्याला परवडणार नाही असा ग्रंथ सगळ्यांनी मिळून घ्यायचा आणि पाळीपाळीने वाचायचा.

जॉन हॉर्सफील्ड हा हातमागावरचा विणकर या मंडळींचा म्होरक्या. लिनियसने वनस्पतींचे चोवीस वर्ग पाडले होते. हॉर्सफील्डने ते कागदावर उतरवून मागाच्या खांबाला चिकटवले आणि विणता विणता पाठ केले. सभेत प्रत्येकाने आणलेली झाडं टेबलावर ढीग करून ठेवत. पूर्वी सगळे एकदम बोलत आणि गोंधळ होई. हॉर्सफील्डने शिस्त घातली. अध्यक्षाने एक फांदी उचलायची, डावीकडच्या माणसाच्या हातात देऊन तिचं शास्त्रीय नाव सांगायचं, त्याने ते पुढच्याला सांगून फांदी सरकवायची, आणि असं करत करत ती खोलीभर फिरायची. लहान मुलांचे बूट शिवणारा रिचर्ड बक्स्टन हाही याच मंडळींतला. तो वयात येईपर्यंत त्याला धड वाचता येत नव्हतं; १८४९मध्ये त्याने मँचेस्टर परिसरातल्या वनस्पतींवर पुस्तक प्रसिद्ध केलं.

लॅटिन उच्चारांना त्यांच्या बोलीचा वास येई आणि सभ्य लोक हसत. पण तीस माणसांच्या हातांतून गेलेलं नाव चुकीचं असलं तर कुणीतरी अडवणारच. प्रमाणपत्र म्हणजे शेवटी साक्षच ना? ती इथे भरपूर होती, फक्त कागदावर नव्हती.

याच मँचेस्टरने पुढे लेक डिस्ट्रिक्टच्या पाण्यावर हात टाकला. गिरण्यांना आणि वाढत्या वस्तीला पाणी हवं होतं. थर्लमिअर या तळ्यावर धरण बांधून ९६ मैल लांबीच्या कालव्यातून निव्वळ उताराने पाणी आणायचं ठरलं. मोठा विरोध झाला, १८७९मध्ये कायदा झाला आणि १८९४मध्ये पाणी शहरात पोचलं. मुंबईला तानसाचं पाणी येऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. विरोध करणाऱ्यांतले पाद्री रॉन्स्ली यांनी १८९५मध्ये इतर दोघांसह नॅशनल ट्रस्ट स्थापन केला. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने दुसरीच गोष्ट महत्त्वाची. शहराच्या नळाला डोंगरातलं तळं जोडलं गेलं, आणि तळ्यात काय जगतं, काय मरतं, हा छंदाचा प्रश्न उरला नाही.

त्याचं उत्तर शोधण्याची वाट एका बापलेकाने दाखवली. डाल्टन-इन-फर्नेस गावचे शाळामास्तर पिअर्सल आणि त्यांचा मुलगा विल्यम हे दोघे पहिल्या महायुद्धाच्या आधीपासून सुट्टीत होडी घेऊन एकेका तळ्यात गळासारखा आकडा टाकत आणि पाण्याखालच्या वनस्पती ओढून काढत. मुलगा पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ झाला आणि १९२०च्या सुमाराला त्याने या तळ्यांची एक रांग लावली. एका टोकाला वास्टवॉटर, खडकाळ आणि नितळ. दुसऱ्या टोकाला एस्थवेट, गाळाचं आणि वनस्पतींनी भरलेलं. तळ्यांचा हा फरक खोलीने किंवा उंचीने पुरता उलगडत नाही, तो आजूबाजूच्या जमिनीत आहे, असं त्याने दाखवलं. वास्टवॉटरच्या पाणलोटात लागवडीची जमीन जेमतेम ५ टक्के, एस्थवेटच्या पाणलोटात ४५ टक्क्यांच्या आसपास. तळं म्हणजे पाणलोटाने लिहिलेली जमाखर्चाची वही, आणि ती वाचायला आकडा आणि होडी पुरते. जॉन्सनपासून विल बूट्सपर्यंत सगळे झाडाचं नाव शोधत होते. पिअर्सलने ते झाड तिथेच का आहे हे विचारलं, आणि डोंगरातल्या निसर्गशिक्षणाचा अभ्यासक्रम त्या प्रश्नाने बदलला.

याच काळात आपल्याकडे काय चाललं होतं? मालवणात जन्मलेले शंकर पुरुषोत्तम आघारकर १९११च्या सुमाराला साताऱ्याच्या घाटमाथ्यावरच्या नद्यांत हिंडत होते. तिथे त्यांना गोड्या पाण्यातली जेलीफिश सापडली. तोवर तिचे जवळचे नातलग फक्त आफ्रिकेतून ठाऊक होते. तिचं शास्त्रीय वर्णन कोलकात्याच्या इंडियन म्युझियमचे नेल्सन अॅनन्डेल यांनी केलं. अॅनन्डेल मूळचे एडिंबरोचे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचं नाव घेताना ही जेलीफिश सहसा कुणाला आठवत नाही, आठवायला हवी.

विंडरमिअर हे इंग्लंडमधलं सर्वांत मोठं नैसर्गिक तळं. त्याच्या काठी रे कासल नावाचा एक खोटा किल्ला आहे, १८४०च्या दशकात लिव्हरपूलच्या एका डॉक्टराने बांधलेला. बुरूज, कंगोरे, सगळं आहे, फक्त लढाई कधी झाली नाही. १९२९मध्ये गोड्या पाण्यातल्या जीवांचा अभ्यास करणारी फ्रेशवॉटर बायोलॉजिकल असोसिएशन स्थापन झाली आणि दोन वर्षांनी ती या किल्ल्यात राहायला आली. पेनेलपी जेन्किन आणि फिलिप उलियट हे पहिले दोन संशोधक. ईस्टरच्या सुट्टीत विद्यापीठांतले विद्यार्थी इथे वर्गाला येत. सकाळी होडी, दुपारी सूक्ष्मदर्शक. प्राणिशास्त्राची पदवी घेतलेल्या मुलांना बाटलीतला मेलेला बेडूक ओळखीचा असे, जिवंत ओढा नसे.

त्यांना अडे ते नावावर. टी. टी. मॅकन १९३५मध्ये इथे आले आणि त्यांनी ओळखीच्या किल्ल्या तयार केल्या. १९३९मध्ये संस्थेची पहिली पुस्तिका निघाली ती त्यांचीच, पाण्यात वल्ह्यांसारखे पाय मारणाऱ्या किड्यांवरची. तिची रीत साधी. दोन वाक्यं, त्यातलं एक खरं. ते धरून पुढच्या जोडीकडे जायचं, असं करत नावापर्यंत पोचायचं. गुत्त्यात डावीकडून फिरणाऱ्या फांदीची जागा आता या पातळ पुस्तिकेने घेतली. गुरू नसला तरी चालेल, चिकाटी हवी. मात्र चौथ्या जोडीला चुकलात तर विसाव्या जोडीपर्यंत पत्ता लागत नाही, हा अनुभव किल्ली वापरणाऱ्या प्रत्येकाच्या गाठीशी असतो.

युद्ध आलं तेव्हा या शहाण्या मंडळींनी मासे डब्यात भरले. मांसाची टंचाई होती. विंडरमिअरमधले पर्च नावाचे मासे तारेच्या पिंजऱ्यांनी धरून लीड्सच्या कारखान्यात डबाबंद केले जात; नाव दिलं ‘पर्चाइन’, सार्डिनशी यमक जुळावं म्हणून. काटेरी माशाचा हा डबा युद्धानंतर कुणी आवडीने मागितल्याचं ऐकिवात नाही. पण पिंजरे राहिले, मोजणी राहिली आणि त्यातून जगातल्या सर्वांत लांब मत्स्यनोंदींपैकी एक उभी राहिली. त्याच वर्षांत विनिफ्रेड पेनिंग्टन तळ्याच्या बुडातून नळीने काढलेला गाळ थराथराने तपासत होत्या. हिमयुगाच्या शेवटी मध्येच एक उबदार काळ येऊन गेला, याची खूण त्यांना त्या चिखलात सापडली. आज तो काळ विंडरमिअरच्याच नावाने ओळखला जातो.

बाकीच्या, शाळेतल्या मुलांचं काय? त्यांची काळजी फ्रान्सिस बटलर या लंडनच्या शाळातपासनिसाला पडली. बॉम्बच्या भीतीने शहरातली पोरं खेड्यांत पाठवली जात असताना, १९४३मध्ये, त्याने मुक्कामी शिकण्याच्या केंद्रांची कल्पना मांडली. पुढे तिची फील्ड स्टडीज कौन्सिल झाली. १९४६मध्ये पहिलं केंद्र सुरू झालं ते सपाट मुलखात, फ्लॅटफर्डच्या पाणचक्कीत. प्रमुख होते एरिक एनियन, डॉक्टरी सोडून पक्षी रंगवणारे. लवकरच यॉर्कशायरच्या डोंगरात मॅलम टार्नच्या काठी आणखी एक जागा मिळाली. समुद्रसपाटीपासून सुमारे ३७५ मीटरवरचं हे तळं चुनखडीच्या प्रदेशात आहे, त्यामुळे इथला पाणलोट डोळ्यांना फसवतो. तळ्यातून निघणारा ओढा थोडं अंतर जाऊन जमिनीत गडप होतो. दरीत खाली एक प्रचंड कडा आहे आणि त्याच्या पायातून एक ओढा बाहेर पडतो. कुणालाही वाटेल तोच हा. नाही! एकोणिसाव्या शतकातल्या हौशी भूशास्त्रज्ञांनी तळ्याचं फाटक उघडून पाण्याची लाट सोडली, पुढे रसायनं ओतली आणि शोध लावला की तळ्याचं पाणी मुख्यतः गावाच्याही खाली, एअर नदीच्या उगमापाशी निघतं; कड्याखालचं पाणी दुसऱ्याच ठिकाणी जिरलेलं असतं. जमिनीखाली दोन प्रवाह एकमेकांना छेदून जातात. मॅलमला आलेल्या शाळकरी पोरांना नकाशावर पाणलोटाची रेघ काढायला सांगितली की ती पटकन काढत, आणि मग ती खोडायला लावणं हाच धडा असे. किंग्जली इथल्या वाड्यात पाहुणा म्हणून राहिला होता. कड्यावरच्या काळ्या ओघळांवरून त्याला धुराडी साफ करणाऱ्या पोराची गोष्ट सुचली, असं तिकडे सांगतात.

डोंगरात माणसं नेणाऱ्यांसाठीचं प्रमाणपत्र १९६४मध्ये सुरू झालं. त्यात दोर आणि होकायंत्राबरोबर झाडं-प्राण्यांची जाणही अपेक्षित होती, पण भर अर्थातच सुखरूप परत आणण्यावर. निव्वळ ओळखण्याची परीक्षा यायला आणखी चाळीस वर्षं लागली, आणि ती आली तेव्हा विद्यापीठं उलट दिशेला निघाली होती. प्रयोगशाळेतलं जीवशास्त्र वाढलं आणि रानातलं आटत गेलं. ब्रिस्टल विद्यापीठात २०१०मध्ये वनस्पतिशास्त्राच्या पदवीला प्रवेश घेतलेली तुकडी देशातली शेवटची ठरली. दुसरीकडे कायद्याने पर्यावरण-पाहणी सक्तीची झालेली, त्यामुळे रस्ता किंवा वसाहत व्हायची तर आधी कुणीतरी गवतं ओळखून द्यायला हवीत. ती ओळखणार कोण?

म्हणून ब्रिटन आणि आयर्लंडच्या वनस्पतिप्रेमींच्या जुन्या संस्थेने रानातल्या ओळखीची परीक्षा चालवायला घेतली. तिचं बीज २००७च्या सुमाराला श्रॉपशरमधल्या प्रेस्टन मॉन्टफर्डच्या केंद्रात पडलं. टेबलावर नमुने मांडलेले असतात, नंतर प्रत्यक्ष जागेवर ठरलेल्या वेळात जितक्या जाती सापडतील त्यांची यादी करायची. नापास कुणी होत नाही, पायरी मिळते. पहिली नवशिक्याची, सहावी देशभरात मोजक्यांनाच जमणारी. हॉर्सफील्डला यातली पहिली गोष्ट, टेबलावरचा ढीग, लगेच ओळखता आली असती. परीक्षेची फी ऐकून मात्र त्याने भुवया उंचावल्या असत्या.

पाण्याच्या बाजूलाही हिशेब पक्का होत गेला. १९७०च्या दशकाच्या अखेरीस तज्ज्ञांनी ओढ्यातल्या किड्यांच्या कुळांना १ ते १० गुण दिले. स्वच्छ, गार, प्राणवायूने भरलेल्या पाण्यातच तगणाऱ्या स्टोनफ्लायच्या बऱ्याच कुळांना १०, घाणीतही जगणाऱ्या गांडुळवर्गाला १. सुरुवातीच्या ट्रेमधले आठ गट हे त्याच हिशेबाचं घरगुती रूप.

आज विंडरमिअरची तक्रार सांडपाण्याची आहे. काठावर पर्यटकांची गर्दी, मलनिस्सारणाचे पाइप, गावोगावच्या शोषटाक्या आणि शेतांतून येणारं खत यांनी फॉस्फरस वाढतो, आणि उन्हाळ्यात निळीहिरवी शेवाळं फुगतात. हिमयुगापासून इथल्या खोल, गार पाण्यात टिकलेला चार नावाचा मासा रोडावला आहे. रे कासल सोडून १९५०मध्ये त्याच काठावरच्या दुसऱ्या जागी गेलेल्या त्याच जुन्या संस्थेने लँकेस्टर विद्यापीठाबरोबर २०२२मध्ये लोकांची पाहणी सुरू केली. वर्षातून चार वेळा, तळ्यात आणि त्याला येऊन मिळणाऱ्या बेकांवर सुमारे शंभर ठिकाणी, स्वयंसेवक एकाच दिवशी पाणी भरू लागले. बाटली आधी त्याच पाण्याने विसळायची, बुडवताना तळ ढवळायचा नाही, वेळ आणि जागा लिहायची, आणि बाटली गार ठेवून पोचवायची, एवढं त्यांना शिकवलेलं असे. तळ्याच्या मध्यावर आणखी एक होडी दर पंधरवड्याला जाऊन तापमान आणि पाणी मोजते. तो क्रम १९४५पासून चालू आहे.